एका दिवसाची सहल : रामशेज आणि शरणपूर

सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन कोठें जावें, हा प्रश्न शहरांतील घरांत वारंवार निघतो आणि पुष्कळदां तो उपाहारगृहाच्या दारापाशींच सुटतो. मुलें खाऊन येतात, वडील माणसें दमून येतात आणि दुसऱ्या दिवशीं ‘काय पाहिलें?’ असें कोणी विचारलें तर सांगण्यासारखें कांहींच उरत नाहीं. सहल हा वास्तविक घराबाहेर घेतलेला धडाच होय. मात्र तो धडा आहे हें मुलांना आधीं कळतां कामा नये.

जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या कांठीं राहणाऱ्या कुटुंबांनीं हा प्रश्न फार सोपा करून टाकला आहे. बिंगेन आणि कोब्लेन्झ या दोन गांवांमध्यें नदी सुमारें पासष्ट किलोमीटर डोंगरांतून वाहते आणि तेवढ्या टापूंत दोन्ही तीरांवर चाळीसच्या आसपास जुने किल्ले उभे आहेत. रविवारीं सकाळीं आगगाडीनें किंवा आगबोटीनें निघावें, संक्ट गोआर या लहानशा गांवीं उतरावें, गांवावरचा राइनफेल्स किल्ला चढावा, खालीं येऊन तेथील जुन्या देवळांत, म्हणजे चर्चमध्यें, क्षणभर बसावें आणि दिवेलागणीस घरीं परतावें, असा कार्यक्रम तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एक किल्ला आणि एक चर्च, एवढीच सामग्री; पण तेवढ्यांत त्या देशाचा हजार वर्षांचा इतिहास मुलांच्या पायांखालून जातो.

नाशिकच्या कुटुंबाला अशा सहलीसाठीं साता समुद्रांपलीकडे जाण्याचें कारण नाहीं. नाशिक जिल्ह्यांत पन्नासांहून अधिक डोंगरी किल्ले आहेत. त्यांपैकीं रामशेज हा शहराच्या उत्तरेस पेठच्या वाटेवर सुमारें पंधरा किलोमीटरांवर आहे. आणि शरणपूरचें जुनें चर्च तर आतां शहराच्या पोटांतच आलें आहे. सकाळीं रामशेज आणि तिसऱ्या प्रहरीं शरणपूर, असा बेत केला तर आजीपासून नातवापर्यंत सर्वांना तो झेपतो. मात्र काय पाहावयाचें हें जाण्यापूर्वीं थोडें समजून घेतलें पाहिजे. नाहींतर किल्ल्यावर दगड दिसतात आणि चर्चमध्यें बांकें दिसतात, त्यापलीकडे कांहीं दिसत नाहीं.

प्रथम किल्ल्यांतील भेद ध्यानांत घ्यावा. ऱ्हाईनकांठचा किल्ला हा बहुधा एखाद्या सरदाराचें घर असे. तो तेथें बायकामुलांसह राही, नदींतून जाणाऱ्या नावांकडून जकात घेई आणि त्या जकातीवर त्याचें वैभव चाले. राइनफेल्स किल्ला काट्सेनएल्नबोगेन घराण्यांतील दीथर नांवाच्या सरदारानें १२४५ मध्यें बांधला, तो याच जकातीसाठीं. पुढें दहाच वर्षांत ऱ्हाईनकांठच्या शहरांनीं एकजूट करून त्याला वेढा घातला, तोहि त्या जकातीलाच कंटाळून. आणि वर्षभर झुंजूनहि तो त्यांच्या हातीं लागला नाहीं. आपल्याकडील डोंगरी किल्ला हें कोणा एकाचें घर नव्हे. तो राज्याचा असे. तेथें शिबंदी राही, धान्याचीं कोठारें व दारूगोळा राही आणि अंमलदार बदलत जात. नदीच्या जागीं आपल्याकडे घाटवाटा होत्या. नाशिकहून पेठेवरून गुजरातेकडे जाणारी वाट रामशेजच्या नजरेखालून जाते, आणि त्र्यंबक व हरिहर यांच्या नजरेखालून कोंकणांत उतरणाऱ्या वाटा जातात. तेव्हां माथ्यावर उभें राहिल्यावर मुलांना पहिला प्रश्न विचारावा तो हा, कीं येथून कोणती वाट दिसते?

शहर मागें पडलें कीं उजव्या हातास म्हसरूळचा डोंगर आणि त्यांतील चांभारलेणीं दिसतात. हीं जैनांचीं लेणीं असून त्या स्थानास गजपंथ म्हणतात. पुढें आशेवाडी हें रामशेजच्या पायथ्याचें गांव लागतें. येथून किल्ला पाहिला कीं पुष्कळांची निराशा होते. साल्हेरीसारखी उंची नाहीं, हरिहरासारख्या उभ्या कड्यांत खोदलेल्या पायऱ्या नाहींत, भोंवतीं दाट रानहि नाहीं. सपाट मुलुखांत एक बेताचा डोंगर एकटाच बसलेला आहे. वनवासांत प्रभु रामचंद्रांची शेज येथें होती, अशी लोकांची श्रद्धा आहे आणि त्यावरूनच डोंगरास हें नांव पडलें. ही निराशा मुलांना मुद्दाम होऊं द्यावी, कारण तीन शतकांपूर्वीं एका बादशहाच्या सेनापतीलाहि नेमकें असेंच वाटलें होतें.

चढतांना डोंगराच्या अंगाकडे लक्ष द्यावें. हा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखीचा रस थरावर थर सांचून झालेला आहे. कांहीं थर कठीण, कांहीं ठिसूळ. ठिसूळ थर पावसानें झिजला म्हणजे उतार होतो, कठीण थर उभाच राहिला म्हणजे कडा होतो. म्हणून आपले डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दहि जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. किल्ला बांधणारानें माथ्याचा हा आयता कडा तट म्हणून घेतला आणि जेथें निसर्गानें कसर ठेवली तेवढेंच बांधकाम केलें. माथ्याजवळ गुहेंत रामाचें मंदिर लागतें. तेथें मुलांना सावली मिळते आणि आजीला विसांवा मिळतो.

माथ्यावर वाडे शोधूं नयेत. पाण्याचीं टांकीं शोधावीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ला बांधण्यापूर्वीं जागेवर पाणी आहे कीं नाहीं हें पाहण्यास सांगितलें आहे, आणि पाणी नसेल व स्थळ तर आवश्यक असेल, तर खडक फोडून टांकीं करावीं असें बजाविलें आहे. टांक्यांतून निघालेला दगड तटाच्या कामीं येई, म्हणजे एकाच कष्टांत दोन कामें होत. रामशेजच्या माथ्यावर अशीं खोदीव टांकीं आहेत, कातळांत उतरून गेलेला दरवाजा आहे आणि आडवाटेनें बाहेर पडण्यासाठीं चोरदरवाजाहि आहे. पाणी, कडा आणि वाट या तीन गोष्टी मुलांनीं स्वतः शोधून काढल्या म्हणजे किल्ल्याचें शास्त्र त्यांना निम्मेंअधिक समजलें.

उरलेला भाग माणसांचा आहे. १६८० मध्यें शिवाजीमहाराज निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं औरंगजेब बादशहा स्वतः दक्षिणेंत उतरला. १६८२ मध्यें त्यानें आपला एक कर्तबगार सरदार शहाबुद्दीनखान यास रामशेजवर पाठविलें. हाच पुढें गाझीउद्दीन फिरोजजंग म्हणून प्रसिद्धीस आला. हैदराबादचा पहिला निजाम हा त्याचाच मुलगा. खानानें मोर्चे बांधले, सुरुंग चालविले, लांकडांचा उंच दमदमा उभारून त्यावर तोफा चढविल्या. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. पण किल्ल्यावरील लोकांचें कौतुक त्याच्या लेखणीनेंहि केलें आहे. तो सांगतो कीं, किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, पण कोठारांत कातडीं भरपूर होतीं. किल्लेदारानें झाडांचीं खोडें पोखरून, त्यांना कातडें मढवून तोफा बनविल्या आणि त्या एकेका तोफेनें दहा तोफांचें काम केलें.

शहाबुद्दीनखान हात हालवीत गेला आणि त्याच्या जागीं बहादूरखान, ज्यास खानजहान असा किताब होता, तो आला. त्यानें एक युक्ति योजिली. एका अंगानें मोठा गलबला करून हल्ल्याचा देखावा करावयाचा आणि दुसऱ्या अंगानें निवडक लोक अंधारांत दोरांवरून वर चढवावयाचे. किल्लेदार त्याहूनहि सावध. त्यानें गलबल्याच्या बाजूस ढोल-नगारे वाजवून तितकाच गोंगाट करविला आणि दुसऱ्या बाजूस कड्याच्या तोंडाशीं माणसें गुपचूप बसवून ठेविलीं. वर पोहोंचलेले लोक तेथूनच खालीं गेले. मग खानानें एका मांत्रिकाचें ऐकून सोन्याचा नाग घडविला! तो नाग हातीं धरून मांत्रिक फौजेपुढें चालूं लागला, तोंच किल्ल्यावरून आलेला गोफणीचा धोंडा त्याच्या छातीवर बसला आणि नागासह मांत्रिक आडवा झाला. मुलांना ही गोष्ट फार आवडते. मोठ्यांनीं तींत एवढें पाहावें कीं, बळ व बुद्धि दोन्ही संपल्यावर माणूस जादूकडे वळतो. खानजहानामागून कासिमखान आला. त्यालाहि यश आलें नाहीं.

कित्येक वर्षें असा टिकलेला किल्ला शेवटीं मोगलांकडे गेला, तो तोफांनीं नव्हे. जुना किल्लेदार बदलून गेला, नवा आला आणि द्रव्याच्या लोभानें किल्ला हातचा गेला. तेच खडक, तींच टांकीं, तोच चोरदरवाजा. माणूस मात्र तो नव्हता. म्हणूनच शिवाजीमहाराजांनीं प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अंमलदार निरनिराळ्या जातींचे नेमण्याचा शिरस्ता घातला होता. एकाच्या मनांत पाप आलें तरी दुसऱ्या दोघांच्या नजरेंतून तें निसटूं नये, हा त्यांतील हेतु. राज्य चालविणाऱ्याला माणसांवर विश्वास ठेवावा लागतो आणि त्या विश्वासाला कुंपणहि घालावें लागतें, हें राजकारणाचें मर्म रामशेजच्या माथ्यावर जितकें लवकर समजतें तितकें पुस्तकांतून समजत नाहीं.

राइनफेल्सची कथा याच कथेची जुळी बहीण शोभावी अशी आहे. १६८८ मध्यें फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचीं सैन्यें ऱ्हाईनकांठीं घुसलीं आणि १६८९ मध्यें त्यांनीं तेथील किल्ले एकामागून एक जाळले. १६९२ च्या हिंवाळ्यांत राइनफेल्सला वेढा पडला. आंतले लोक थोडे, बाहेरचें सैन्य कितीतरी पट. तरीहि नव्या वर्षाच्या आरंभीं फ्रेंचांना वेढा उठवून परतावें लागलें. पुढें १७९४ मध्यें मात्र हाच किल्ला, त्यावेळीं अधिक मजबूत झालेला असूनहि, एकहि गोळी न झाडतां फ्रेंचांच्या स्वाधीन करण्यांत आला आणि त्यांनीं तो सुरुंगांनीं उडवून दिला. त्याचे दगड पुढें दुसऱ्या किल्ल्याच्या बांधकामास नेले. आमच्याकडे १८१८ मध्यें त्र्यंबकगड इंग्रजांकडे गेला, तेव्हां त्यापाठोपाठ सतरा किल्ले शरण आले, त्यांत रामशेजहि होता. अलंग-मदनसारख्या दुर्गम गडांच्या तर पायऱ्याच इंग्रजांनीं उडविल्या. कारण पुन्हां कोणी वर जाऊन बसूं नये.

किल्ला उतरून, आशेवाडीच्या सावलींत बरोबर आणलेली भाकरी-पिठलें खाऊन मंडळी परतली म्हणजे शरणपूरकडे वळावें. संक्ट गोआरमधील चर्चलाहि एक शरणाचीच गोष्ट चिकटलेली आहे. सहाव्या शतकांत गोआर नांवाचा एक साधु तेथें नदीकांठीं झोंपडी बांधून राहिला आणि खडकांवर नाव आपटून संकटांत सांपडलेल्या नावाड्यांना आसरा देऊं लागला. त्याच्याच नांवावर तें गांव व तें चर्च उभें आहे. शरणपूरचा अर्थ तर नांवांतच आहे. चर्च मिशनरी सोसायटीचें काम नाशिकांत १८३२ पासून चालूं होतें. पुढें १८५० नंतरच्या दशकांत रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याच्या पुढाकारानें शहराच्या पश्चिमेस ही वसाहत वसली. धर्म बदलल्यामुळें घरदार तुटलेल्या माणसांना राहण्यास जागा व हातांस काम मिळावें, हा तिचा उद्देश. नाशिकसारख्या तीर्थक्षेत्रांत या उद्योगाबद्दल लोकांचें मत काय असेल, हें सांगावयास नको. परंतु त्या वादाखालीं झांकली गेलेली एक विलक्षण हकीकत प्रत्येक नाशिककरानें जाणली पाहिजे.

त्या काळीं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी गलबतांतून गुलामांचा व्यापार चाले. इंग्रजी आरमारानें अशीं गलबतें पकडलीं म्हणजे आंतील मुलांची सुटका होई, आणि त्यांपैकीं कांहीं मुलें मुंबईस उतरविलीं जात. १८६० च्या सुमारास अशा मुलांची सोय शरणपुरांत करण्यांत आली. तेथें त्यांना लिहिणें-वाचणें आणि सुतारकी, लोहारकी यांसारखे धंदे शिकवीत. डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रसिद्ध प्रवासी १८६६ मध्यें आपल्या शेवटच्या सफरीवर निघाला, तेव्हां त्यानें या शाळेंतले नऊ तरुण बरोबर घेतले. आफ्रिकेच्या प्रवासवृत्तांत त्यांना ‘नासिकचीं मुलें’ असेंच म्हटलेलें आढळतें.

१८७२ मध्यें लिव्हिंगस्टनच्या मदतीसाठीं जी माणसें आंत पाठविण्यांत आलीं, त्यांत याच शाळेंत शिकलेला जेकब वेनराइट होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं, आजच्या झांबिया देशांतील चितांबो नांवाच्या मुखियाच्या गांवीं, लिव्हिंगस्टनचें देहावसान झालें. त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनीं देह टिकविण्याची व्यवस्था केली, काळीज तेथेंच झाडाखालीं पुरलें आणि जेकबनें त्या प्रसंगीं प्रार्थना वाचली. मग चुमा आणि सुसी या दोघांच्या नेतृत्वाखालीं तीं माणसें तो देह खांद्यावर घेऊन सुमारें नऊ महिने चालत समुद्रकिनाऱ्यावर आलीं. वाटेंत आजार होते, भांडखोर टोळ्या होत्या, आणि देह टाकून द्या असा गोऱ्यांचा सल्लाहि त्यांना मिळाला होता. त्यांनीं तो मानला नाहीं. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत लिव्हिंगस्टनचा दफनविधि झाला, तेव्हां शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. पुढें तो आफ्रिकेंत परतला आणि १८९२ मध्यें तेथेंच वारला. प्राइससाहेबानें मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन ही सुटलेल्या गुलामांची वसाहत उभारली, तेव्हां शरणपूरचे अनेक आफ्रिकी तेथें गेले. त्यांपैकीं विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे १८८५ मध्यें धर्मोपदेशकाच्या पदास चढले.

शरणपूर रस्त्यावरील संत आंद्रिया चर्चच्या आवारांत उभें राहून ही हकीकत मुलांना सांगावी. हें चर्च आतां १९७० मध्यें स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या छत्राखालीं आहे आणि येथील उपासना मराठींत चालते. नारायण वामन टिळकांचीं पदें महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळी आजहि गातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, ‘स्मृतिचित्रें’ लिहिणाऱ्या, याच नाशकांत १९३६ मध्यें निवर्तल्या. उपासनेची वेळ टाळून जावें, आंत जाण्यापूर्वीं विचारावें आणि आंत बोलणें हलक्या आवाजांत करावें. देऊळ कोणाचेंहि असो, तेथें वागण्याची रीत एकच असते.

या दोन्ही स्थळांना जोडणारा धागा मुलांच्या हातीं द्यावयाचा तो नांवांचा. रामशेजच्या किल्लेदाराची हुशारी शत्रूच्या इतिहासकारानें वर्णिली, पण त्याचें नांव दिलें नाहीं. आज लोक निरनिराळीं नांवें सांगतात. जेकब वेनराइट हें नांवहि सुटकेनंतर मिळालेलें. आईनें ठेवलेलें नांव गुलामांच्या बाजारांतच हरवलें. त्याच जेकबनें लिव्हिंगस्टनच्या झाडावर धन्याचें नांव व तारीख कोरली, कांहीं सोबत्यांचीं नांवें कोरलीं आणि स्वतःचें नांव कोरलेंच नाहीं. ज्यांनीं कांहीं राखलें, त्यांनीं नांवें ठेविलीं नाहींत. उलट रामशेजच्या टांक्यांच्या कांठीं, देवळांच्या भिंतींवर, कड्यांवर आज रंगानें आणि खिळ्यानें लिहिलेलीं नांवें पाहावीं. त्यांतल्या एकानेंहि तेथें एक दगड उचलून ठेवलेला नाहीं.

हा विषय केवळ शिष्टाचाराचा नाहीं. जर्मनींत १८९९ मध्यें किल्ले राखण्यासाठीं एक संस्था स्थापन झाली आणि तिनें पुढच्याच वर्षीं मार्क्सबुर्ग हा किल्ला विकत घेऊन सांभाळला. ऱ्हाईनच्या त्या भागांत डोंगरमाथ्यावरचा, कधींहि उद्ध्वस्त न झालेला, असा तो एकच किल्ला. २००२ मध्यें तें सारें खोरें जागतिक वारशांत गणलें गेलें. आपल्याकडे २०२५ मध्यें ‘मराठ्यांचीं लष्करी भूदृश्यें’ या नांवानें बारा किल्ल्यांना तोच मान मिळाला आणि त्यांत नाशिक जिल्ह्यांतला, १५६७ मीटर उंचीचा साल्हेर आहे. परंतु मान मिळालेला किल्ला एक आणि न मिळालेले पन्नास. त्या पन्नासांचा सांभाळ सरकारी पाटीनें होणार नाहीं. टांक्यांत न टाकलेला कागद, वर नेलेली आणि परत आणलेली बाटली, तटावरून न ढकललेला चिरा, एवढ्यावरच तो अवलंबून आहे. ज्या किल्ल्याला मोगलांच्या तोफांनीं कांहीं केलें नाहीं, तो सुटीच्या दिवशीं येणाऱ्या मंडळींकडून हळूहळू नाहींसा व्हावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाहीं.

सहलीस पावसाळा संपल्यावर जावें. कातळ कोरडा असतो आणि टांकीं भरलेलीं असतात. पिण्याचें पाणी घरून न्यावें, उन्हाच्या आधीं माथा गांठावा आणि मुलांना कड्याच्या धारेपासून दूर ठेवावें. संध्याकाळीं घरीं आल्यावर पाय शेकून झाले म्हणजे मुलांच्या पुढें वही ठेवावी. तींत त्यांनीं तारीख घालावी, माथ्यावरून दिसलेली वाट काढावी, सांपडलेलीं टांकीं मोजून लिहावीं आणि खालीं आपलें नांव घालावें. नांव लिहिण्याची हौस भागविण्यास तीच जागा योग्य आहे.